गाडीत ठेवलेलं प्रस्थान

मुलुंड, शुक्रवार, ९ डिसेंबर १९५५

आज मी मोटारीतून मुलुंडला आले. हे वाक्य मोठ्या अक्षरांत काढ म्हटलं, तर नात क्षमा म्हणते, रोजनिशीत सगळी अक्षरं सारखीच काढतात. काढत असतील. मला अक्षराची ओळख नाही, तेव्हा लहान काय आणि मोठं काय. पण माझा धाकटा, श्यामकांत, स्वतः गाडी चालवत मला गिरगावातून न्यायला आला आणि अख्ख्या चाळीच्या बायका गॅलरीतून लोंबल्या होत्या, एवढं तरी नीट लिहिलं गेलं पाहिजे.

थोरल्याची बदली नागपूरला झाली, आणि तिथला उन्हाळा मला झेपायचा नाही, म्हणून आता मुक्काम धाकट्याकडे. गाडी काळी आहे, लांब नाकाची. सुरू करायला पुढून लोखंडी दांडा घालून पिळावी लागते. दादरला बंद पडली तेव्हा श्याम म्हणाला, इंजिन थंड आहे. सायनला बंद पडली तेव्हा म्हणाला, इंजिन तापलंय. मी म्हटलं, अगदी तुझ्या वडिलांवर गेलीय, ते थंड असले तरी अडून बसायचे आणि तापले तरी. सूनबाई रत्नप्रभा तोंडाला पदर लावून हसली. श्यामला लायसन मिळून महिना होतोय. घाटकोपर मागे टाकलं तेव्हा त्याने जो श्वास सोडला, तो बहुतेक गिरगावातच घेतलेला असावा.

गाडी त्याने सरकारी लिलावात घेतली. बोरघाटात, शिंग्रोबाच्या देवळाच्या वरच्या वळणावर ती बेवारशी उभी सापडली होती म्हणे. दारं लावलेली, आत फराळाचा डबा, पाण्याची छागल, माणूस एकही नाही. वर्षभर कोणी न्यायला आलं नाही, म्हणून स्वस्तात मिळाली. मी विचारलं, माणसं कुठे गेली? श्याम म्हणाला, आई, माणसांचा लिलाव वेगळा असतो. सगळे हसले. मीही हसले.

घर छान आहे. पुढे अंगण, मागे विहीर, त्यामागे डोंगर. दुपारी इतकी सामसूम असते की शेजारच्या गोठ्यातली म्हैस रवंथ करते तेही ऐकू येतं.

ही रोजनिशी श्यामला कचेरीतून मिळालेली, वर्षभर कोरी पडलेली. क्षमाचं अक्षर सुधारावं म्हणून बोलायचं मी आणि लिहायचं तिनं, असं ठरलंय. पोर पंधरा वर्षांची. गेल्या पावसाळ्यात टायफॉइडमधून कशीबशी वाचली, अजून मनगट माझ्या दोन बोटांत मावतं. मी बोलेन ते शब्दन्‌शब्द लिहायचं, तुला रागावले तरी. तिला स्वतःचं काही घुसडायचं असेल तर तिनं ते कंसात लिहावं. त्या खुणेला कंस म्हणतात म्हणे. नाव काही चांगलं नाही.

(आजी दादरपासून सायनपर्यंत डोळे मिटून रामरक्षा म्हणत होती. हे तिनं सांगितलेलं नाही. – क्षमा)

रविवार, ११ डिसेंबर

नाताळच्या सुट्टीत ही तिघं गाडीनं कोल्हापूरला जाणार. क्षमा वाचली तर अंबाबाईची ओटी भरीन, असा रत्नप्रभाचा नवस आहे. आगगाडीनंही देवी भेटते, असं मी सुचवून पाहिलं. श्यामने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्याचं लायसन चुलीत घातलं. मी काही जायची नाही. पोटात ढवळतं, गुडघे दुमडत नाहीत, आणि कोणीतरी घर राखायला हवं.

तर सध्या सराव चाललाय. उजवीकडे वळायचं तर उजवा हात खिडकीबाहेर काढायचा. थांबायचं तर तोच हात बाहेर वरखाली हलवायचा. डावा हात गिअरवर. मग चाक कोण धरतं, असं मी विचारलं. श्यामने हॉर्न वाजवला.

गाडी मागे घेताना आज शेजारच्या माणिकबाईंचं कुंपण आडवं झालं. बाई पूर्वी शाळेत शिकवायच्या, त्यामुळे आवाज खणखणीत. आमच्या कुंपणावरच लायसन काढलंत का, असं त्यांनी विचारलं. रत्नप्रभा एरवी तोंडातून शब्द काढत नाही, पण आज काढले, आणि चांगले वेचून काढले. आता दोन्ही घरांचं बोलणं बंद.

दुपारी पवईच्या चढावर गेलो होतो. घाट चढायचा तर चढावर थांबून पुन्हा निघता आलं पाहिजे. हँडब्रेक ओढायचा, क्लच अर्धा सोडायचा, मग हळूच ब्रेक सोडायचा. श्यामने सोडला आणि आम्ही मागे घरंगळलो. मागच्या बैलगाडीवाल्याने बैल बाजूला घेतले म्हणून निभावलं. पुन्हा केलं, पुन्हा घरंगळलो. मला हसू आवरेना. बैलगाडीवाला हसला, बैलसुद्धा हसल्यासारखे वाटले. श्याम लाल झाला. शेवटी त्याने ठरवून टाकलं, घाट एकदा चढायला घेतला की माथ्यापर्यंत थांबायचंच नाही. मी म्हटलं, आणि शिंग्रोबा? घाटाची वाट दाखवणारा देव तो, त्याच्यापुढे उतरून हात जोडायचे असतात. श्याम म्हणाला, चालत्या गाडीतून पैसा टाकू, तो काय पावती मागतोय?

(बैल हसत नाहीत. – क्षमा)

गुरुवार, १५ डिसेंबर

घराचं गॅरेज झालंय. ओसरीवर स्टेपनी, म्हणजे पाचवं चाक, चार दमली की लावायचं. न्हाणीत पेट्रोलचा डबा, म्हणून बंब पेटवायला बंदी. जॅक देवघराखाली ठेवला होता, तो मी उचलायला लावला. देवाला वर उचलायची काही गरज नाही. रत्नप्रभाने रव्याचे लाडू वळून मोठा डबा भरलाय. दशम्या निघायच्या आदल्या दिवशी करणार.

जेवताना श्याम सगळ्यांकडून रस्ता पाठ करून घेतो. ठाणं, मुंब्रा, पनवेल, चौक, खोपोली, मग बोरघाट, खंडाळा, पुणं. आधी पूर्वेला जायचं आणि मग खाली उतरायचं. मलासुद्धा पाठ झालंय. भात वाढू का विचारलं की क्षमा म्हणते, पनवेलपर्यंत वाढ.

निघायचं ठरलंय शनिवारी, चोवीस तारखेला. मी म्हटलं, शनिवारी पूर्वेला जायचं नसतं, हे मला अक्षर न येताही ठाऊक आहे. श्याम म्हणाला, कचेरी शनिवारपासून बंद, साहेबाला दिशा ठाऊक नाहीत. वाद नको म्हणून मी उपाय काढला. रविवारी प्रस्थान ठेवायचं.

क्षमाला हे ठाऊक नव्हतं, तेव्हा लिहून ठेवलेलं बरं. वार चांगला असेल त्या दिवशी, जाणाऱ्या प्रत्येकाच्या नावाची सुपारी, हळकुंड आणि चिमूटभर अक्षता त्याच्याच अंगावरच्या जुन्या कपड्याच्या तुकड्यात बांधायच्या, आणि जायच्या दिशेला जो शेजारी असेल त्याच्या घरी ठेवायच्या. माणूस त्या दिवशीच निघाला असं धरतात. पुढे खरोखर निघताना वाटेत पुरचुंडी उचलायची. मधल्या दिवसांत तो घरी जेवतो, निजतो, पण पाहुण्यासारखा. निघाला तो निघालाच. त्याला मागे फिरवायचं नसतं.

रविवार, १८ डिसेंबर

सकाळी तीन पुरचुंड्या बांधल्या. श्यामच्या सदऱ्याचा तुकडा, रत्नप्रभाच्या लुगड्याचा, क्षमाच्या परकराचा. आता पूर्वेचं घर कोणाचं, तर माणिकबाईंचं. रत्नप्रभाने साफ सांगितलं, सासूबाई, त्या बाईच्या उंबऱ्याला माझी सुपारी लागायची नाही. मी जाते म्हटलं, तर म्हणाली, तुम्ही गेलात तरी सुपारी माझीच ना.

मला एक भारी युक्ती सुचली. गाडी अंगणात उभी आहे, तोंड पूर्वेला आहे, उंबऱ्याच्या बाहेर आहे, आणि तिच्याशी आपलं भांडण नाही. श्याम खूश झाला. म्हणाला, आई, तू वकील व्हायला हवी होतीस.

मीच मागच्या गादीखाली हात घालून तिन्ही पुरचुंड्या ठेवल्या. गादी ऊबदार होती, नुकतंच कोणी उठून गेल्यासारखी. ऊन असेल. दार लावलं तेव्हा दांडा न घालता इंजिन एकदा खोकलं. श्याम म्हणाला, आतला वायू असतो. मला तो त्रास ठाऊक आहे, मी जास्त चौकशी केली नाही.

सोमवार, १९ डिसेंबर

गाडीच्या चाकांना काळा चिखल. कालवणाला आणलेल्या शिंपल्यांना असतो तसा, खाडीचा, वासाचा. गाडी जागची हललेली नाही, अंगणात चाकांचा माग नाही. श्यामला विचारलं तर म्हणाला, रस्त्यावरच्या पोरांची खोडी असेल. मग चिखल बोटावर घेऊन हुंगला आणि म्हणाला, मुंब्र्याला भरती असते सकाळी. त्याला कसं कळलं ते त्यालाही सांगता आलं नाही.

क्षमाची वेणी घालायला बसले. केस धुऊन चार दिवस झालेत, एरवी तेलानं चप्प असतात. आज वाऱ्यानं पिंजलेले, बोटं जात नव्हती. गच्चीवर खेळलीस का विचारलं. आम्हाला गच्चीच नाही, ती म्हणाली.

(ठाणं गेलं. पुलावर वारा होता.)

मंगळवार, २० डिसेंबर

आज जेवायला तिघंही पाटावर बसले आणि कोणी घास घेईना. माझ्या आमटीत काही कमी पडलंय असं समजून मी दोन शब्द ऐकवायच्या तयारीत होते. रत्नप्रभा फार अदबीनं म्हणाली, आत्ताच झाडाखाली खाल्लं, पोट भरलंय. कोणत्या झाडाखाली? ती हसली, जशी बाई परक्या ठिकाणी हसते. मी लाडवांचा डबा खाली काढला. झाकण घट्ट होतं. तळाला चुरा होता.

मग ते झालं. तिघं बसल्या जागी डावीकडे कलली. एकदम, एकाच वेळी. श्याम, रत्नप्रभा, क्षमा. मग सरळ झाली. मग उजवीकडे. मी पळी हातात धरून उभी. पितळेचं ताट घसरेल म्हणून क्षमाने हात लावून धरलं होतं, आणि ताट काही घसरत नव्हतं, जमीन आमची सपाट आहे.

मी विचारलं, काय गं, थट्टा करता म्हातारीची? तिघांनी माझ्याकडे बघितलं. रस्त्यानं जाताना बांधावरच्या माणसाकडे बघतात तसं बघितलं.

(पनवेल येईल आता. बाबा म्हणतात रस्ता चांगला आहे.)

बुधवार, २१ डिसेंबर

माणिकबाई आज आपण होऊन फाटकात आल्या. म्हणाल्या, तुम्हाला एकटीला टाकून गेली ना मंडळी, भांडण असलं तरी विचारपूस करायला हवी. मी म्हटलं, कोण गेली? म्हणाल्या, रविवारी दुपारी गाडी गेली की आमच्या दारावरून, तिघं आत, मुलीनं मला हात केला. गाडी फाटकालगतच, त्यांच्या बाजूला अंगणात उभी होती. त्यांनी वळून बघितलं आणि फाटकाला धरलं.

श्याम कचेरीत गेला नव्हता. आतल्या खोलीत खुर्चीवर बसला होता, दोन्ही हात पुढे, चाक धरल्यासारखे.

मी गाडीकडे गेले. मागची गादी उचलली. तीन पुरचुंड्या नाहीत. कोपऱ्यात आत, स्प्रिंगांच्या मागे, हाताला दुसऱ्याच लागल्या. जुन्या. कापड पिवळं पडून कागदासारखं झालेलं, आत सुपारी पोकळ, अक्षता काळ्या. एक पुरचुंडी छोटी, दुपट्याच्या कापडाची. गाडीच्या आधीच्या माणसांनाही पूर्वेचा शेजारी नसेल. किंवा असून बोलणं नसेल.

शेजाऱ्याचं घर पुरचुंडी राखून ठेवतं, तुम्ही येईपर्यंत. वाहन कशाला थांबेल? वाहनाच्या हातात दिलं की ते नेतं. एवढं साधं मला सुचलं नाही, आणि वकील म्हणवून घेतलं.

दांडा उचलला आणि विहिरीत टाकला. चारी चाकांतली हवा सोडली. हात काळे झाले. मग श्यामपुढे जाऊन बसले, म्हटलं, बाबा, कोल्हापूर नको, मी पदर पसरते, उतर. तो वाकून, अगदी नम्रपणे म्हणाला, आजीबाई, इथून खोपोली किती राहिली?

माझा मुलगा. मला आजीबाई म्हणाला.

(टायर बदलायला थांबलो होतो. चारही बसले होते. बाबांनी भरून घेतले.)

गुरुवार, २२ डिसेंबर

वाटेवरून आलेल्या माणसाला उंबऱ्याबाहेर थांबवून भाकरतुकडा ओवाळतात, पायांवर पाणी घालतात, मग तो घरात येतो. म्हणून तिघांना हाताला धरून अंगणात नेलं. येतात, ओढलं की येतात. भाकरी केली, ओवाळली, पूर्वेला फेकली. तांब्या ओतला.

श्यामच्या पायांवरून लाल पाणी आलं. घाटाखालची माती. दुसरा तांब्या, लाल. माणिकबाई विहिरीवरून कळशा ओढत होत्या, मी ओतत होते. घागरीमागून घागर. अंगण लाल झालं. पाय निघेनात. माती खालून नाही, आतून येत होती. ओतता ओतताच नवी बसत होती. म्हणजे गाडी चाललीच आहे. चालत्या माणसाचे पाय कसे धुणार.

मग माझी सुपारी बांधली. माझ्या लुगड्याचा तुकडा. गादीखाली ठेवली. म्हटलं, मलाही ने, मी पुढे बसून श्यामचे कान धरते. संध्याकाळी पाहिलं. माझी जागच्या जागी. मी येणार नाही म्हटलं होतं ना. ऐकलं होतं गाडीनं.

तिघं बोलत नाहीत आता. क्षमा तेवढी लिहिते. समोर बसून बोलायला लागले की हात चालतो. तोंड मिटलेलं, डोळे रस्त्यावर, पण हात –

(चौकला चहा घेतला. आईला झोप लागली.)

शुक्रवार, २३ डिसेंबर

श्याम आणि रत्नप्रभा नाहीत.

सकाळी खुर्ची रिकामी. चटई रिकामी. दाराची कडी आतून. गाडी अंगणात, चारी चाकं फुगलेली, पुढचं नाक भाजेल इतकं तापलेलं. आत कोणी नाही. काचेला आतून श्वासाची वाफ.

क्षमा आहे. रोजनिशीपुढे बसलेली, टाक हातात. माणिकबाईंना बोलावलं. म्हटलं, बाई, तुम्ही शिकवायच्या ना, हिनं काय लिहिलंय ते वाचा मला. त्यांनी वाचलं. मी सांगितलेलं सगळं तसंच होतं. आणि कंसांत – कंसांत ठाणं, पनवेल, चौक. रोज. माझ्या शब्दांमध्ये पोर वाट लिहीत होती आणि मला म्हातारीला ठाऊक नाही. मला वाटायचं, कंसात माझी चेष्टा लिहीत असेल.

माझ्या बोलण्यानं तिचा हात इथे आहे. हात आहे तोवर पोर आहे. असं मी धरलंय. चूक असेल तर असो. बोलत राहायचं. काहीही. आमटीत काय घातलं ते. चाळीतल्या बायका. तिचे आजोबा ताक पिताना मिशी भरवायचे. लिही. लिही, बाळा. घसा बसला तर माणिकबाई बोलतील.

(आजीच्या बोलण्यामुळे बाबांना गिअर ऐकू येत नाही.)

येऊ नये. नाहीच येऊ दे.

शनिवार, २४ डिसेंबर, दुपार

लिही क्षमा. हात थांबवू नकोस.

तुझी वेणी माझ्या पदराला बांधलीय. निरगाठ. मान हलव – नाही. बरं. हात चालतोय, पुष्कळ झालं.

(खोपोली. बाबा रेडिएटरमध्ये पाणी घालतात.)

माणिकबाई खांद्यावरून वाचतात. खोपोली. म्हणजे आता घाट. ऐक, गाडी सापडली होती ती शिंग्रोबाच्या वरच्या वळणावर. त्याच्या वर नाही जायचं. तिथे उतर. पाया पडायचंय म्हण. ओकारी येते म्हण. उतर आणि मागे चालत ये, खोपोलीत कोणाच्याही ओटीवर बस. मी येते. गुडघे गेले खड्ड्यात, मी चालत येते.

(बाबांना सांगितलं. बाबा म्हणतात, चढावर थांबलो तर पुन्हा उचलणार नाही.)

उचलेल. सांग त्याला. हँडब्रेक ओढ, क्लच अर्धा – श्याम, मी हसले होते पवईला. नाही हसणार. घरंगळलास तर घरंगळ की. घरंगळत ये, मागे मागे, खोपोली, पनवेल, मुंब्रा, माणिकबाईंचं सगळं कुंपण मोड, त्या काही म्हणायच्या नाहीत – बघ, मान हलवतात. रडतात. ये.

(वळण. आई माझ्या अंगावर रेलली. उठत नाही.)

आईला चिमटा काढ. हात धर तिचा. दोघी –

(शिंग्रोबा दिसतो. शेंदूर आहे.)

हात बाहेर काढ. थांबायची खूण. वरखाली. तुला येते, रोज अंगणात करायचीस, बाबांची नक्कल करून. काढ.

डावा हात उचललास, उजवा लिहितोय. शहाणी माझी. उचलला हो, माणिकबाई, बघा, हवेत, वरखाली – असाच, अजून, बाबांना दिसेल असा –

(बाबांनी बघितलं. पाय ब्रेकवर ठेवला. गाडी मागे घसरायला लागली. बाबा घाबरले. पाय काढला.)

नाही. श्याम, नाही. घसरू दे –

(बाबांनी चालत्या गाडीतून पैसा टाकला.)

अंगणात पैसा वाजला. फरशीवर. माणिकबाई, तो घ्या, देवापुढे – क्षमा, मी आहे. पदर ताणला गेलाय, गाठ घट्ट आहे, मी सोडत नाही. आमटीला काल कोकम घातलं होतं. आजोबांची मिशी. लिही. बोलते ना मी, लिही, हात –

(वारा फार आहे. आजी मागे उभी आहे, छोटी दिसते. हाका मारते. आजी म्हणते क्षमा. आजी म्हणते हात थांबवू नको. आजी म्हणते